चक्करची गोळी : कधी, कोणाला आणि किती दिवस?

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, अगदी वरच्या कप्प्यावर, एक पत्र्याचा डबा आहे. कधी काळी दिवाळीत त्यातून बिस्किटं आली होती. आता त्यात औषधं असतात. तापाची गोळी, पित्ताची गोळी, तळाला दोन बोटं उरलेली खोकल्याची बाटली, आणि कापून कापून ज्यांच्यावर नावच उरलेलं नाही अशा दोन-चार पट्ट्या. तुमच्याकडेही असा एखादा डबा असणारच. आम्ही तर पडलो पिंपरी-चिंचवडकर! १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत काढली, इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं, तेव्हापासून औषधाच्या गोळीवर आमची जरा जास्तच श्रद्धा.

त्या डब्यात दोन निरनिराळ्या पट्ट्या शेजारी शेजारी असायच्या. एक प्रवासात गाडी लागू नये म्हणून, आणि दुसरी सासूबाईंना घेरी येते म्हणून. दोन्हींना घरात एकच नाव होतं, 'चक्करची गोळी'. नावात काय आहे, असं आपण सहज म्हणतो. पण या एका नावाने आमच्या घराला दीड वर्ष कसं फसवलं, ते आज मोकळेपणाने सांगायचं ठरवलं आहे. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती. म्हणून तर सांगायला हवं.

शिवनेरीची सहल

पहिली चूक शाळेतली. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. चौथीच्या मुलांची सहल शिवनेरीला निघाली होती. रस्ता काही फार वळणांचा नाही. चिंचवडहून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव असं जुन्नर गाठायचं. त्यामुळे मी निर्धास्त होते. घाट नाही तर गाडी कशाला लागेल?

पण चाकणच्या तळेगाव चौकातली गर्दी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसगाड्या. आमची बस दहा पावलं पुढे जायची आणि गचकन थांबायची. खिडकीतून डिझेलचा धूर. घरून निघताना आयांनी प्रेमाने पोटभर पोहे नि दूध दिलेलं. व्हायचं तेच झालं. एकीने सुरुवात केली आणि मग साथ आल्यासारखी रांगच लागली.

मी पर्समधून पट्टी काढली आणि सात-आठ मुलांना अर्धी अर्धी गोळी दिली. मला वाटलं, बाईंनी प्रसंगावधान दाखवलं! ज्यांना मळमळत होतं त्यांची गोळी पाच मिनिटांत उलटून बाहेर आली. ज्यांच्या पोटात राहिली त्यांनी तिचा गुण दाखवला तो थेट शिवनेरीच्या पायऱ्यांवर. सात दरवाजे ओलांडून वर जायचं, आणि दोन मुलींचे डोळे मिटायला लागले. एक तर चालता चालता झोकांडी जाऊन माझ्या अंगावर आली. मी तिला पकडलं म्हणून निभावलं. जन्मस्थानाची इमारत त्या दोघींनी पाहिलीच नाही. शेजारच्या झाडाखाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या झोपल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात हात जोडत बसले होते.

नंतर आमच्या ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला चांगलंच सुनावलं. "अहो, उलट्या सुरू झाल्यावर ही गोळी देऊन उपयोग काय? आणि दुसऱ्यांच्या मुलांना, आईवडिलांना न विचारता, वजन-वय न बघता गोळी दिलीत कशी?" उत्तर नव्हतंच माझ्याकडे.

गाडी लागते म्हणजे काय होतं?

बाईंनी मग समजावूनही सांगितलं. आपल्या कानाच्या आत, अगदी खोल, तोल सांभाळणारं एक इवलंसं यंत्र असतं. बस हलली, वळली, थांबली की ते मेंदूला खबर देतं. पण डोळे त्याच वेळी पुस्तकावर किंवा मोबाइलवर असतात, ते सांगतात, "काही हलत नाहीये, सगळं स्थिर आहे." पाय म्हणतात एक, कान म्हणतात दुसरं, डोळे म्हणतात तिसरं. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग निघतो पोटावर.

हे एकदा कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा त्रास होत नाही. दोन ते बारा या वयात तो सगळ्यात जास्त. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांना जास्त, आणि पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणी आणखी जास्त. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनाही गाडी चटकन लागते. तेव्हा "तुमचं आपलं काहीतरी नाजूकच" म्हणून हसणाऱ्या घरच्या मंडळींना हे जरूर सांगा. हे नाटक नाही नि नखराही नाही.

आपले घरगुती उपाय तुम्हाला माहीत आहेतच. लिंबू हुंगायचं, आवळा सुपारी चघळायची, आलेपाकाची वडी तोंडात धरायची. आल्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत, पण त्याने अपाय होत नाही आणि तोंडाची चव सुधारते. वर्तमानपत्रावर बसलं की बस लागत नाही, हा लाल डब्याच्या काळापासून चालत आलेला समज. त्याचा उपयोग इतकाच, की प्रवास संपल्यावर पेपर वाचता येतो! त्यापेक्षा पुढच्या बाजूची जागा धरावी, तोंड बसच्या दिशेने ठेवावं, खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघावं, डोकं मागे टेकवून स्थिर ठेवावं. मोबाइल आणि पुस्तक पिशवीत. निघण्यापूर्वी तडस लागेपर्यंत खाऊ नये, पण अगदी उपाशीही निघू नये. दोन पोळ्यांच्या जागी एक, बस्स.

ट्राममधली बाई आणि गोळीचा शोध

या गोळ्यांच्या शोधाची गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि ती एका बाईमुळेच घडली. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक गरोदर बाई अंगावर पित्त उठतं म्हणून औषधाला आली. डॉक्टरांनी तिला ॲलर्जीवरचं एक नवं औषध दिलं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "पित्ताचं राहू द्या, पण जन्मभर मला ट्राम लागायची, ती लागायची थांबली!" डॉक्टर गे आणि डॉक्टर कार्लिनर यांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कहून जर्मनीला निघालेल्या एका लष्करी जहाजावर, खवळलेल्या समुद्रात, त्यांनी सैनिकांवर हे औषध अजमावून पाहिलं. गुण आला. तेच डायमेनहायड्रिनेट, 'ड्रामामाइन' या नावाने जगभर गेलेलं.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली 'ॲव्होमिन' म्हणजे प्रोमेथाझिन. तीही मुळात ॲलर्जीच्या औषधांच्याच घराण्यातली. आता लक्षात येईल की या गोळ्यांनी झोप का येते. सर्दीची जुनी गोळी घेतल्यावर येते तशीच ती पेंग. गंमत अशी, की या घराण्यातल्या ज्या नव्या गोळ्यांनी झोप येत नाही, त्यांचा गाडी लागण्यावर म्हणावा तसा उपयोगही होत नाही. आणि आजकाल कोणालाही उलटी झाली की सर्रास दिली जाणारी ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी पोटाच्या विकारात कितीही गुणकारी असली, तरी गाडी लागण्यावर ती चालत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ही गोळी प्रवासाच्या आधी घ्यायची असते. काही गोळ्या अर्धा-एक तास आधी, काही एक-दोन तास आधी, आणि लांबचा प्रवास असेल तर प्रोमेथाझिन आदल्या रात्रीही देतात. मळमळ सुरू झाल्यावर पोट कामच थांबवतं, मग गोळी पोटात पडून राहते नाहीतर बाहेर येते. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन मुळीच द्यायचं नाही, त्याने बाळाचा श्वास मंदावू शकतो. मोठ्या मुलांनाही डॉक्टरांनी वयाप्रमाणे सांगितली असेल तेवढीच.

आणि झोपेचं काय? आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत. कंपनीची बस लागते म्हणून ते रोज सकाळी एक गोळी घेऊन बसमध्ये बसायचे. वहिनी मला कौतुकाने सांगत होत्या, "आता अगदी गाढ झोप लागते हो त्यांना बसमध्ये!" माझ्या पोटात धस्स झालं. बसमध्ये लागलेली झोप कारखान्याच्या फाटकात उतरून थोडीच जाते? ज्या हातांनी प्रेसखाली पत्रा सरकवायचा, ते हात पेंगत असले तर? भाऊजींना त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बंद करायला लावली आणि बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. मोबाइल पिशवीत गेला. आठ-पंधरा दिवसांत त्यांना रोजच्या त्या रस्त्याची सवय झाली. मेंदूला वेळ दिला तर तोही शिकतो.

आईंची सकाळची गोळी

आता आमच्या घरची गोष्ट. सासूबाईंना मी आईच म्हणते. वय अडुसष्ट, हात मात्र सतत कामात. दारची रांगोळी त्यांची, देवाच्या वाती त्यांच्या. चातुर्मासात लाखभर वाती वळायचा त्यांचा नेम. कापसाचा पेळू बोटांत धरला की बोलता बोलता ढीग व्हायचा.

एके दिवशी पहाटे त्यांनी कूस बदलली आणि घाबरून हाक मारली. "अगं, घर फिरतंय! मला धर!" पलंगाची कड घट्ट धरून, डोळे मिटून त्या पडून होत्या. मिनिटभरात थांबलं, पण पुन्हा मान वळवली की पुन्हा तेच. जवळच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मणक्याचं असणार, पट्टा बांधा." पट्टाही आणला.

पाच दिवसांनी आईंना बरं वाटलं. सहाव्या दिवशी मी दुकानातून आणखी एक पट्टी आणली. का आणली? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, पाच दिवस. पण आई म्हणाल्या, "गोळी घेतली की धीर वाटतो गं." मलाही वाटलं, असू दे. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबरोबर दर महिन्याला ही पण यादीत चढली. दुकानदाराने कधी चिठ्ठी विचारली नाही, आणि मी कधी दाखवली नाही. सकाळी चहा, मग 'चक्करची गोळी', मग देवपूजा. असं दीड वर्ष.

वर्षभराने आईंचा उजवा हात कापायला लागला. आधी आम्ही म्हटलं, वय झालं. मग त्या पाय घासत, पुढे वाकून, इवली इवली पावलं टाकत चालायला लागल्या. हसऱ्या चेहऱ्याच्या आई, पण नातीने विनोद केला तरी चेहऱ्यावर रेघ हलेना. ह्यांना वाटायचं, त्या रागावल्या आहेत. आणि श्रावणात त्यांनी कापसाचा पेळू माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "यंदा वाती तूच वळ. मला नाही जमत." तो पेळू हातात घेऊन मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नातेवाइकांनी निदान करून टाकलं होतं, कंपवात. आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आईंना चालायला लावलं, मनगट हलवून पाहिलं, आणि मला म्हणाले, "घरात जी जी औषधं चालू आहेत, ती सगळी पिशवीत घालून उद्या घेऊन या. मलम, काढे, सगळं."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. त्यांनी एकेक पट्टी उचलून वाचली, आणि ती एक पट्टी बाजूला ठेवली. प्रोक्लोरपेराझिन. "ही किती दिवस चालू आहे?" मी सांगितलं. ते क्षणभर काही बोलले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचं एक द्रव्य असतं. हालचाली सुरळीत होतात त्या त्याच्यामुळे. कंपवातात हे द्रव्य कमी पडतं. प्रोक्लोरपेराझिन उलटी आणि चक्कर दाबतं, पण त्याच वेळी या डोपामीनचं काम अडवतं. चार दिवस घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही. महिनोन् महिने घेतलं, तेही वयस्कर माणसाने, तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. चक्करेवर दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि अर्धशिशीवर दिल्या जाणाऱ्या फ्लुनारिझिन या गोळ्यांचंही तसंच. गोळी थांबवली की बहुतेकांची लक्षणं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतात. काहींची मात्र राहतात, आणि मग तपास करावा लागतो की मुळात कंपवातच दबा धरून बसला होता का.

चक्कर म्हणजे नेमकं काय?

"पण डॉक्टर, गोळी बंद केली आणि पुन्हा चक्कर आली तर?" आईंनी विचारलं. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक साधा प्रश्न केला, "आजी, चक्कर म्हणजे तुम्हाला नक्की काय होतं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारतच नाही. आपल्या भाषेत चक्कर हा एकच शब्द कितीतरी गोष्टींसाठी वापरला जातो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही चक्कर. ती ब्लडप्रेशर खाली गेल्याने येते, किंवा अंगात रक्त कमी असलं तरी येते. उपासाच्या दिवशी हातपाय गळून गेल्यासारखे होतात, तीही चक्कर. चालताना तोल जातो, तीही चक्कर. आणि घर, छत, भिंती स्वतःभोवती गरगर फिरतात, ती खरी घेरी. यातल्या प्रत्येकीचं कारण वेगळं, उपाय वेगळा. रक्त कमी असलेल्या बाईने घेरीची गोळी घेतली तर रक्त वाढणार आहे का?

गरगरण्याचेही प्रकार आहेत. कूस बदलताना, वाकताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना काही सेकंद गरगरलं आणि थांबलं, तर एक कारण. तासन्‌तास गरगरलं, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, कानात गुणगुण झाली, तर दुसरं. दोन-तीन दिवस सलग डोकंच उचलता आलं नाही, तर तिसरं. अर्धशिशी असणाऱ्या बायकांना डोकं न दुखताही घेरी येऊ शकते. आणि 'मणक्यामुळे चक्कर' हे आपल्याकडे अगदी घराघरांत ऐकू येणारं निदान, पण गरगरण्याचं मूळ बहुतेक वेळा मानेत नसून कानात असतं. आमचा तो पट्टा सध्या खुंटीवर आहे.

कानातले खडे

डॉक्टरांनी आम्हाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे कळलं की कानातल्या तोलाच्या यंत्रात चुन्याचे अगदी बारीक खडे असतात. ते आपल्या जागी असतात तोवर उत्तम. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागून ते निसटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत जातात. मान वळली की खडे घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतो आहोत. ही घेरी पहिल्यांदा टिपून ठेवली ती डॉक्टर बारानी यांनी, १९२१ साली. कानातल्या या यंत्रावरच्या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं, आणि ते जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

आता नळीत अडकलेला खडा गोळी खाऊन बाहेर येईल का? नाही ना! अमेरिकेतल्या डॉक्टर एपली यांनी त्यावर एक साधी युक्ती शोधली. १९९२ साली त्यांनी ती सविस्तर प्रसिद्ध केली. डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे पुन्हा त्यांच्या घरात पोहोचवायचे.

तज्ज्ञांनी आईंना पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन उताणं निजवलं, डोकं पलंगाच्या कडेवरून जरा खाली. आई ओरडल्या. त्यांची बुबुळं भोवऱ्यासारखी थरथरत होती. डॉक्टर म्हणाले, "हाच तो कान." थोडं थांबून मान डावीकडे, मग सगळं अंग त्या कुशीवर, मग उठून बसायचं. सगळी मिळून पाच-सात मिनिटं. सुई नाही, गोळी नाही. आई डोळे उघडून म्हणाल्या, "झालं? एवढंच?" आठ दिवसांनी पुन्हा एकदा केलं. त्यानंतर पहाटेचं ते घर फिरणं थांबलं. हे खडे पुन्हा निसटू शकतात, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे, पण तेव्हाही उपाय हाच. पहिल्यांदा मात्र हे तज्ज्ञांकडूनच करून घ्यावं. कान कोणता, नळी कोणती, मानेला नि पाठीला ते झेपेल का, हे बघावं लागतं.

या खड्यांच्या घेरीवर गोळ्या देऊ नयेत असं नाही. पहिल्या दिवशी उलट्यांनी जीव हैराण होतो, तेव्हा त्या आधार देतात. पण चार दिवसांपलीकडे त्या चालू ठेवल्या तर उलट नुकसान. कानाकडून येणारी चुकीची खबर ओळखून स्वतःला सावरायला मेंदू शिकत असतो, आणि या गोळ्या त्यालाच गुंगी आणतात. म्हातारी माणसं त्या गुंगीत पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की काय होतं ते आपण घरोघर बघतोच.

बेटाहिस्टिन नावाची गोळी पुष्कळांना दिलेली असते. ती मुख्यतः कानात गुणगुण, ऐकू कमी येणं आणि घेरी असा तिन्हींचा त्रास असणाऱ्यांसाठी. पोटात अल्सर किंवा दमा असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं. परदेशात प्रवासासाठी कानामागे लावायची पट्टी मिळते. तिच्यातलं औषध धोतऱ्यातही सापडतं. म्हणून कोणी धोतऱ्याचा घरगुती प्रयोग मात्र स्वप्नातही करू नका, धोतरा विषारी आहे.

एवढं ध्यानात ठेवा

घेरी येत असताना बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, उभंच राहता येईना, असह्य डोकं दुखू लागलं किंवा छातीत दुखलं, तर गोळी शोधत बसू नका. ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि मोठ्या रुग्णालयात जा. हा मेंदूचा किंवा हृदयाचा झटका असू शकतो.

गाडी लागण्याची गोळी प्रवासाआधी घ्या, प्रवासापुरतीच घ्या. गोळी घेऊन गाडी, स्कूटर किंवा यंत्र चालवू नका, आणि तिच्याबरोबर मद्य तर मुळीच नको. काचबिंदू असणाऱ्यांनी, लघवी अडणाऱ्या वयस्कर पुरुषांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

घरात कोणाला घेरीची गोळी महिना-दोन महिन्यांहून जास्त चालू असेल, तर ती पट्टी घेऊन डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनानेच ती थांबवू नका, आणि आपल्या मनानेच चालूही ठेवू नका.

दुकानदाराला सांगा, पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला भाग आम्हाला राहू दे. तसं जमत नसेल तर छोट्या कागदी पाकिटात गोळ्या ठेवून वर पेनाने लिहा : कोणाची, कशासाठी, किती दिवस. 'चक्करची गोळी' एवढंच लिहून भागत नाही.

आमच्या त्या पत्र्याच्या डब्यात आता अशी पाकिटं आहेत. शाळेच्या सहलीला पालकांची लेखी परवानगी घेऊन, ज्याची गोळी त्याच्या आईकडूनच घरी देऊन निघायचं, असं मी मुख्याध्यापिका बाईंकडून ठरवून घेतलं आहे.

आणि आई? गोळी बंद केल्यावर पहिले दोन महिने काहीच फरक दिसेना, मी देव पाण्यात घालून बसले होते. मग एक दिवस नातीच्या बोलण्यावर त्या खुदकन हसल्या. पाचव्या महिन्यात चाल सुधारली. उजवा हात दमल्यावर अजून थोडा थरथरतो, लाख वातींचा नेम काही पुन्हा झाला नाही. पण परवा दुपारी मी शाळेतून आले तर त्या खिडकीशी कापूस घेऊन बसल्या होत्या. पाटावर अकरा वाती होत्या, जराशा जाड, जराशा वाकड्या. मला म्हणाल्या, "संध्याकाळी समईला याच घाल."